परवान्याच्या व्यवहारातील तिसरा पक्ष

महाराष्ट्रात एखाद्या वस्तीत वाइन शॉप, बिअर शॉपी किंवा परमिट रूम येऊ घातली की तेथून उठणाऱ्या विरोधाचे वर्णन बहुधा दोनच प्रकारे केले जाते. पाठिंबा देणारे त्याला संस्कारांचे रक्षण म्हणतात, नाक मुरडणारे मध्यमवर्गीय सोवळेपणा म्हणतात. म्हणजे वाद दारू चांगली की वाईट याच प्रश्नावर आहे, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. प्रत्यक्षात अशा विरोधातील तक्रारी दारूविषयी कमी आणि जागेविषयी अधिक असतात. दुकानाबाहेर रस्त्यावरच सुरू होणारे पिणे, जिन्याखाली फुटलेल्या बाटल्या, वाट अडवून लागलेल्या दुचाक्या, शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना टाळावा लागणारा कोपरा, मध्यरात्रीची भांडणे असे त्यांचे स्वरूप असते. राज्यात दारू विकली जावी काय हा एक प्रश्न आहे, आणि ती या गल्लीत, या गाळ्यात, या वेळेपर्यंत विकली जावी काय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर विधिमंडळाने द्यायचे असते, दुसऱ्याचे उत्तर देताना तेथे राहणाऱ्यांना वगळून चालत नाही. महाराष्ट्राच्या कायद्याने हे दोन प्रश्न कधीच नीट वेगळे केले नाहीत, आणि शेजाऱ्यांच्या विरोधाला जे नैतिक, कधीकधी आक्रस्ताळे रूप येते त्याचे मोठे कारण शेजाऱ्यांच्या स्वभावात नसून या घोटाळ्यात आहे.

या घोटाळ्याची मुळे वसाहतकाळात आहेत. अबकारी म्हणजे मादक पदार्थांच्या उत्पादनावर व विक्रीवर बसवलेला कर. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे आणि विकण्याचे नियंत्रण प्रांतिक सरकारच्या हाती एकवटले. त्यामुळे परवाना हा विक्रेता आणि सरकार या दोघांमधील व्यवहार बनला: एकाने पैसे भरायचे, दुसऱ्याने मुभा द्यायची. दुकान ज्या पेठेत उघडणार ती पेठ या व्यवहारात कोठेच नव्हती. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली, ही घटना त्यांच्या सामाजिक सुधारणेच्या कार्याचा भाग म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यही आहे. परंतु तिच्यात प्रशासनाच्या रचनेचाही एक प्रश्न दडलेला आहे. हरकत घेतली गेली ती नगरपालिकेकडे, आणि मुभा व महसूल दोन्ही होते सरकारकडे. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, म्हणजे स्वयंसेवकांनी दारात उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही हेच दिसले. ज्यांना परवान्याच्या टेबलाशी जागा नाही त्यांना दुकानाच्या दाराशीच उभे राहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर ही जागा निर्माण होण्याची संधी होती. पण तेव्हा राज्य अधिक मोठ्या प्रयोगात गुंतले होते. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले, आणि मुंबई राज्यात मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. पुढे बंदी सैल होत गेली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना साठ-सत्तरच्या दशकांत विक्रीची दारे टप्प्याटप्प्याने उघडली गेली. तरी अधिनियम तोच राहिला. आजही राज्यातील प्रत्येक बार कायद्याच्या दृष्टीने दारूबंदीला केलेला अपवाद आहे, आणि पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा अशी अपेक्षा आहे. ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच व्यवस्थेची खूण होय. या इतिहासाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जो कायदा दारू मुळातच नसावी म्हणून लिहिला गेला, त्याला ती कोठे असावी याचा विचार करण्याचे कारण नव्हते. शहराच्या नकाशात दारूच्या दुकानाचे स्थान कोणते, किती दुकाने एका रस्त्याला सोसवतील, वाहनतळ नसलेल्या इमारतीत बार चालावा काय, हे प्रश्न त्याच्या गाभ्यात नाहीत. ते नंतर नियमांच्या ठिगळांतून आले.

या ठिगळांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अंतराचा नियम. शाळा, धार्मिक स्थळे आणि अशाच काही जागांपासून ठरावीक मीटरच्या आत दुकान असू नये, असे नियम सांगतात. हेतू समजण्यासारखा असला तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने परिणाम विचित्र होतो, कारण त्यांचे सारे म्हणणे त्यांना मीटरच्या भाषेत मांडावे लागते. रात्री दीड वाजेपर्यंत चालणाऱ्या बारमुळे पहिल्या मजल्यावरील रुग्णाला झोप लागत नाही ही हरकत नियमात बसत नाही, पण कोपऱ्यावरचे देऊळ बसते. मग सगळा वाद त्या देवळाकडे सरकतो. देऊळ नोंदणीकृत आहे काय, बालवाडीला मान्यता आहे काय, अंतर सरळ रेषेत मोजायचे की पायी जाणारा माणूस ज्या वाटेने जाईल त्या वाटेने, दार पुढचे धरायचे की मागचे, यांवर कागद रंगतात. झोपेचा, सुरक्षिततेचा, रस्त्याचा प्रश्न धर्माच्या आणि शिक्षणाच्या पावित्र्याचा प्रश्न म्हणून लढवावा लागतो, आणि मग तेच लोक सनातनी ठरवले जातात. २०२२ साली दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात बदल करून राज्याने दारू विकणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. पाटीवरील नावाची एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला पाटीखालच्या फुटपाथची तेवढी काळजी वाटू नये, हे तिच्या स्वभावाशी सुसंगतच म्हणावे लागेल.

नव्या वस्त्यांत दुकान येते कसे, हेही समजून घ्यायला हवे. १९७० च्या दशकापासून वाइन शॉपचे आणि देशी दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने देणे राज्याने जवळजवळ थांबवले. वरवर हे दारूच्या प्रसाराला घातलेले कुंपण वाटते, परंतु लोकसंख्या वाढत गेली, परवाने मोजकेच राहिले आणि जुन्या परवान्याला दुर्मीळ मालमत्तेचे मोल आले. जुन्या गावठाणातील किंवा ओस पडलेल्या बाजारपेठेतील परवाना शहराच्या वाढत्या कडेला, नव्या गृहसंकुलांच्या तळमजल्यावरील गाळ्यात आणणे किफायतशीर ठरू लागले. याला प्रशासनाच्या भाषेत स्थलांतर म्हणतात. कागदावर नवीन काहीच घडत नाही, राज्यातील दुकानांची संख्या एकानेही वाढत नाही. ज्या रस्त्यावर दुकान येते त्या रस्त्याच्या दृष्टीने मात्र ते संपूर्ण नवे असते. परवाना देण्याचा निर्णय एखाद्या पिढीपूर्वी, दुसऱ्याच वस्तीसाठी झालेला असतो आणि त्याचे परिणाम या वस्तीने सोसायचे असतात.

स्थलांतराचे सर्वांत मोठे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून घडले. मद्यपान करून वाहन चालवण्याने होणारे अपघात टाळावेत म्हणून १५ डिसेंबर २०१६ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दींपुरता आदेशाचा अर्थ सौम्य करण्यात आला. मधल्या काळात महामार्गावरून हललेली दुकाने आतल्या वस्त्यांत शिरू पाहू लागली आणि एप्रिल २०१७ मध्ये उत्तर भारतात अनेक ठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. एका सार्वजनिक हिताचे रक्षण करताना त्याचा भार कोणावर ढकलला जाणार, हे विचारण्यासाठी परवाना पद्धतीत जागाच नसल्याने ते रस्त्यावर विचारले गेले. अर्थशास्त्रात ज्याला बाह्यपरिणाम म्हणतात, म्हणजे दोघांच्या सौद्यातून तिसऱ्यावर पडणारा आणि किमतीत न धरलेला खर्च, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

आता कायद्याने शेजाऱ्यांच्या हाती दिलेल्या एकमेव खऱ्या शस्त्राकडे वळता येईल. ग्रामीण महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ या नावाने ते घरोघरी ठाऊक आहे. गावातील किंवा शहरातील प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासंबंधीचा सध्याचा आदेश २००८ सालचा आहे. त्यानुसार महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही क्षणात कळणारी अशी ही खूण आहे, आणि सातारा जिल्ह्यातील जावळीसारख्या तालुक्यात या मार्गाने झालेले काम राज्यभर गाजले.

या आदेशात एक गोष्ट मूलगामी आहे आणि तिचे श्रेय त्याला दिले पाहिजे. केवळ महिलांच्या मतदानावर एखादा सार्वजनिक निर्णय घेण्याची मुभा देणारी तरतूद आपल्याकडे विरळाच. दारूचा पैसा घरातून जातो, मार घरात पडतो आणि औषधपाण्याचा खर्चही घरालाच पेलावा लागतो, तेव्हा निर्णयाचा पहिला अधिकार हे सारे सोसणाऱ्यांचा, असे तत्त्व त्यामागे आहे. त्याला पीडितहिताचे तत्त्व म्हणता येईल: ज्यांच्यावर एखाद्या कृतीचा भार पडतो त्यांना तिच्या निर्णयात स्थान असावे. म्हणजे शेजार हा परवान्यातला पक्ष आहे हे राज्याने तत्त्वतः मान्य केलेले आहे. फक्त ते दुकान उघडल्यानंतर, नुकसान होऊन गेल्यानंतर आणि जवळजवळ अशक्य अटींवर मान्य केले आहे.

अटींपैकी निर्णायक अट बहुमताची आहे. दुकान बंद होण्यासाठी मतदान केलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. एका कल्पित गावाचे गणित मांडले की याचा अर्थ स्पष्ट होतो. यादीत १,००० महिला आहेत, त्यांपैकी ६४० मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि १६० जणींनी उभ्या बाटलीवर, असे धरले तर चारांपैकी तीन मते बंदीच्या बाजूची असूनही दुकान चालूच राहील, कारण ५०१ चा आकडा गाठला गेला नाही. मजुरीला परगावी गेलेली, लग्न होऊन सासरी गेली तरी माहेरच्या यादीत राहिलेली, आजारी असलेली, इतकेच काय मरण पावूनही नाव न कमी झालेली प्रत्येक स्त्री उभ्या बाटलीची मतदार ठरते. याच राज्यात तिरंगी-चौरंगी लढतीत पडलेल्या मतांच्या एक तृतीयांशावर आमदार निवडून येऊ शकतो आणि त्याच्या वैधतेविषयी कोणी शंका घेत नाही. शिवाय या मोजणीने विक्रेत्याचे हित मतदारांचे मन वळवण्यात राहत नाही, त्यांना घरी बसवण्यात राहते. आणि दहशतीने किंवा पैशाने घरी बसवणे हे मन वळवण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

असा प्रयोग करणारा महाराष्ट्र पहिला नाही. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याने स्थानिक मतदारांना दारूच्या परवान्यांवर मतदान करण्याचा अधिकार दिला आणि १९२० पासून अशी मतदाने झाली. तेथील रचना दोन बाबतींत उजवी होती. परवाने पूर्ण रद्द करण्यासाठी पडलेल्या मतांच्या ५५ टक्के आणि एकूण मतदारांच्या ३५ टक्के अशी दुहेरी अट होती, त्यामुळे मूठभरांच्या मतदानावर निर्णय होत नसे आणि गैरहजेरीलाही विरोधी मताचे वजन येत नसे. वरच्या कल्पित गावात या नियमाने दुकान बंद झाले असते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. तेथे मतदारापुढे सर्व परवाने रद्द, परवान्यांत कपात आणि ‘आहे तसेच’ असे तीन पर्याय ठेवलेले होते. आडव्या आणि उभ्या बाटलीच्या मतपत्रिकेवर मधल्या भूमिकेला चित्रच नाही. दुकान राहू द्या पण रात्री लवकर बंद करा, बाहेर पिणे थांबवा, चौथ्या दुकानाला परवानगी नको, असे म्हणणाऱ्या स्त्रीला कायदा दोन टोकांपैकी एक निवडायला लावतो; आणि ती टोक निवडते तेव्हा तिला टोकाची म्हटले जाते.

काही गावांना याहून अधिक मिळाले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या केंद्रीय कायद्याने, आदिवासी भागांतील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीचे नियमन करण्याचा अधिकार असावा असे स्पष्ट म्हटले आहे. गडचिरोलीतील एखाद्या पाड्याला कायद्याने जो आवाज दिला तो पुण्यातील किंवा ठाण्यातील प्रभागाला दिलेला नाही. शहरीकरण अनेक सोयी आणते आणि जाता जाता ग्रामसभा घेऊन जाते. नवी मुंबईलगतच्या खारघरमध्ये दारूविक्रीला रहिवाशांचा विरोध ग्रामपंचायतीच्या काळापासूनचा आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर ग्रामपंचायत गेली, वस्ती मोठी आणि अधिक शिकलेली झाली, आणि पुढे परवान्याचा वाद उभा राहिला तेव्हा रहिवाशांना उपोषणे आणि मोर्चे यांचाच आधार घ्यावा लागला. ७४व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली खरी, पण परवान्याच्या बाबतीत त्यांना विचारण्याची पद्धत रूढ झाली नाही. शहरी शेजारी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे गेला तर दुकानाबाहेरचा गोंधळ पोलिसांचा विषय असतो, पोलिसांकडे गेला तर अंडा-भुर्जीच्या गाड्या आणि पार्किंग महानगरपालिकेचे असते, आणि महानगरपालिकेत गेला तर परवाना तिने दिलेलाच नसतो.

या टोलवाटोलवीमागे आळस असेल, भ्रष्टाचारही असेल. पण दोन्ही नाहीसे झाले तरी उरेल असे एक कारण आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पिण्याची दारू त्याच्या बाहेर ठेवली गेली, आणि राज्याला स्वतःच्या मर्जीने ज्यांवर कर वाढवता येतो अशा मोजक्या वस्तूंत ती उरली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले तेव्हा त्यातून सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. ज्या विभागाचे यश महसुलाच्या उद्दिष्टावर मोजले जाते त्याच विभागाने शेजारी आणि विक्रेता यांच्यात पंच व्हावे, ही अपेक्षा अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी पुरी होण्यासारखी नाही.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ही स्थिती उलटी आहे. दारूचा व्यापार करणे हा मूलभूत हक्क नाही, ती राज्याने दिलेली सवलत आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकापासून घेतली आणि १९९५ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात ठामपणे मांडली. सवलतच असेल तर ती मागणाऱ्याने ती कोणाला उपद्रव देणार नाही हे दाखवावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सिद्धतेचा भार, म्हणजे म्हणणे पुराव्याने शाबीत करण्याची जबाबदारी, शेजाऱ्यांवर आहे: सह्या त्यांनी गोळा करायच्या, अंतर त्यांनी मोजायचे, मतदान त्यांनी घडवून आणायचे. विक्रेत्याने भाडे, सजावट आणि शुल्क यांत लाखो रुपये गुंतवल्यानंतर हा सारा प्रकार सुरू होत असल्याने त्याच्यावरही अन्यायच होतो. परवान्याआधी म्हणणे ऐकले जाणे हे शेजाऱ्यांइतकेच त्याच्याही हिताचे आहे, आणि परवानाधारकांच्या संघटनांनी ही मागणी स्वतःहून का करू नये, हे कळत नाही.

तथापि शेजाऱ्यांना आवाज द्यावा असे म्हणताना तो आवाज नेहमीच न्याय्य असतो, असा भाबडेपणा करून चालणार नाही. विरोधाचा रोख बहुतेक वेळा देशी दारूच्या दुकानावर असतो, तारांकित हॉटेलातील बारवर क्वचितच. दोन्हीकडे दारूच मिळते. फरक गिऱ्हाइकाच्या कपड्यांत असतो, आणि एक जण मोटारीत बसून निघून जातो तर दुसऱ्याला प्यायला दिवाणखाना नसल्याने तो फुटपाथवर बसतो. संकुलातील रहिवाशांनी संघटितपणे हाकललेले दुकान हवेत विरत नाही, ते नाल्यापलीकडच्या वस्तीत जाते, जिथे सह्या गोळा करायला कोणाला सुट्टी नसते. परवानाधारक दुकानांची संख्या कमी झाली म्हणजे पिणे कमी झाले असेही नव्हे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती बेकायदा विक्रीच्या जाळ्यातून. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी २०१५ मध्ये मोठ्या चळवळीनंतर आली आणि २०२१ मध्ये अवैध विक्री वाढल्याचे कारण देत उठवली गेली. त्या कारणमीमांसेवर दारूबंदीच्या समर्थकांचे गंभीर आक्षेप आहेत, परंतु लोकेच्छेने बंद केलेले दार राखण्याची यंत्रणा नसेल तर ते उघडायला सबब सापडते, एवढे त्यातून घेता येते. याशिवाय शेजाऱ्यांचा नकाराधिकार म्हणजे बहुसंख्यांच्या आवडीनिवडीला दिलेली सनदही ठरू शकते. जी गृहनिर्माण संस्था आहार किंवा धर्म पाहून भाडेकरू नाकारते, तिच्याच हाती परवान्याची किल्ली देताना थोडे थबकायला हवे.

म्हणून नकाराधिकार आणि सुनावणीचा अधिकार यांत फरक केला पाहिजे. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने दारूचे परवाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून स्थानिक परिषदांकडे दिले आणि हरकतींना चार उद्दिष्टांची चौकट घातली: गुन्हे व बेशिस्त रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे हानीपासून रक्षण. दारू वाईट आहे, ही हरकत तेथे ऐकलीच जात नाही. या दुकानामुळे या गल्लीत रात्री अकरानंतर काय होईल, ही ऐकावी लागते. निर्णयही केवळ होय-नाही असा नसतो, परवान्याला वेळ, ध्वनी, पहारा, बाहेरची जागा यांच्या अटी जोडता येतात आणि पुढे त्या मोडल्या तर रहिवासी फेरविचाराची मागणी करू शकतात. या पद्धतीवरही तेथे टीका होते. विशेषतः परवाना नाकारल्यावर मोठ्या कंपन्यांच्या वकिलांपुढे लहान परिषदा टिकत नाहीत. तरी तिच्यात हरकतीला नैतिकतेच्या उसन्या कपड्यांची गरज राहत नाही, आणि हा फायदा लहान नाही.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान सुरू करायचे असेल तर त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. शेजाऱ्यांच्या म्हणण्याला दुकान उघडण्यापूर्वी स्थान मिळाले, एवढ्यापुरते हे पुढचे पाऊल आहे; मात्र त्यात सुनावणी नाही, केवळ होकार किंवा नकार आहे, आणि तो कोणत्या कारणावर द्यावा याची चौकट नाही. शेजाराची सीमा संस्थेच्या कुंपणाशी संपते, हे तर उघडच चुकीचे आहे. ज्या गाळ्याचे दार रस्त्याकडे उघडते त्याचा त्रास वरच्या मजल्यांपेक्षा समोरच्या चाळीला जास्त होतो, आणि चाळीकडे ना-हरकत मागायला कोणी जाणार नाही. संस्थेच्या कार्यकारिणीतील पाच-सात जणांची संमती मिळवणे, मग ती कशाही मार्गाने असो, संपूर्ण गल्लीची संमती मिळवण्यापेक्षा स्वस्त पडते, याचा हिशेब व्यापारी करणारच.

याहून साधी जागा कायद्यात आधीच आहे, ती म्हणजे नूतनीकरण. अबकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यासाठी परवान्याचे शुल्क भरून त्याची मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि आज हा टप्पा शुल्काच्या पावतीपलीकडे फारसा जात नाही. नव्या परवान्याच्या वेळी आणि स्थलांतराच्या वेळी, तसेच तक्रारींची नोंद असेल तर नूतनीकरणाच्या वेळीही, दुकानाच्या दारावर आणि प्रभाग कार्यालयात सूचना लावून ठरावीक परिसरातील रहिवाशांना, भाडेकरू आणि फेरीवाल्यांसकट, म्हणणे मांडू देता येईल. ऐकणारा अधिकारी उत्पादन शुल्क विभागाचा नसावा; पोलीस ठाण्यातील नोंदी आणि महानगरपालिकेकडील अतिक्रमणाच्या तक्रारी त्याच्यापुढे एकत्र याव्यात; आणि निर्णय लेखी, कारणांसह असावा, म्हणजे त्यावर अपील करताना विक्रेत्याला आणि शेजाऱ्यांना सारखाच आधार मिळेल. आडव्या बाटलीचे मतदान त्यानंतरही राहावे, पण पडलेल्या मतांवर मोजले जाणारे, किमान सहभागाची अट असलेले आणि मतपत्रिकेवर तिसरा पर्याय असलेले. तो पर्याय कोणत्या चित्राने दाखवायचा, हे ठरवायला गावातल्या बायकांना फार वेळ लागणार नाही.